रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग दुखतंय ते काय?

रातराणी_पुणे | १४ सप्टेंबर २०२५, रात्री २:१०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पाककृतींच्या धाग्यांवर "तोंडाला पाणी सुटलं" लिहिण्यापलीकडे मजल गेली नाही. आता धागा काढतेय कारण रात्रीचे दोन वाजलेत आणि उशीला खांदा टेकवता येत नाहीये.

वय ४७, सिंहगड रोड. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये चिकनगुन्या झाला, त्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी एक पेशंट होता म्हणा ना. ताप चार दिवसांत गेला पण सांधे धरले ते धरले. सकाळी मूठ मिटायची नाही, ब्रशवर पेस्ट काढायला लेकीला हाक मारायची. सगळे म्हणाले तीन महिने राहतं, मग म्हणाले सहा, मग म्हणायचेच बंद झाले. सूज डिसेंबरपर्यंत खरंच उतरली, दुखणं मात्र गेलं नाही, उलट पसरलं. आता ते सांध्यात नाहीये, दोन सांध्यांच्या मधल्या जागेत आहे, कसं सांगू. मान, पाठ, दंड, मांड्या. आठ तास झोपले तरी पहाटे अंग आंबलेलंच. मिक्सर लावला की आवाज कानात न जाता दातात जातो, ट्यूबलाइट नको वाटते, ब्लाउजची बाही दंडाला घासली तरी नको होतं. तळपायाला मुंग्या. डोक्यात सारखं धुकं, परवा गॅसवर दूध ठेवून वाळवण बघायला गच्चीत गेले ते शेजारणीने वास आला म्हणून हाक मारली तेव्हा आठवलं.

टेस्ट म्हणाल तर सीआरपी, ईएसआर (या सुजेच्या), आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (या संधिवाताच्या), थायरॉइड, शुगर सगळं नॉर्मल. बी१२ कमी होतं, इंजेक्शनं झाली, मुंग्या निम्म्या झाल्या, बाकी जैसे थे. मानेच्या एमआरआयमध्ये "माइल्ड डिस्क बल्ज", म्हणजे मणक्यांमधली गादी जराशी बाहेर आलेली. एकूण पाच डॉक्टर. हाडवाल्यांनी मान बघितली, न्यूरोवाल्यांनी पाय बघितले, पोट बिघडतं म्हणून गेले त्यांनी पोट बघितलं. अख्खी मी कुणाला दाखवू? शेवटच्यांनी फाइल मिटवली आणि म्हणाले, ताई तुम्हाला काहीही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका. रिक्षात बसून रडले.

आणि गणपतीत माझीच चूक. दोन दिवस जरा बरं वाटत होतं म्हणून ५१ मोदक एकटीने वळले. दुसऱ्या दिवसापासून नऊ दिवस आडवी. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या, मी आतल्या खोलीतून आरती ऐकली. साबा (सासूबाई) तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण "आमच्या वेळी" सुरू झालंय.

कुणाला आहे का असं? काय करता?

---

वाटाण्याची_उसळ | १४ सप्टेंबर, सकाळी ७:३२

+१. माझं कंबरेचं आहे, सहा वर्षं झाली. हिंजवडीला नोकरी, म्हणजे निम्मं आयुष्य खुर्चीत आणि उरलेलं वाकडच्या सिग्नलला. एमआरआयमध्ये एल४-एल५ला (कंबरेच्या खालच्या मणक्यांमध्ये) बल्ज आला तेव्हा मी इतका घाबरलो की दोन वर्षं वाकलोच नाही, बुटाची लेससुद्धा बायकोकडून, आणि त्या दोन वर्षांत जेवढं दुखलं तेवढं आधी कधी दुखलं नव्हतं. मग एका भल्या डॉक्टरांनी २०१५चा एक आढावा दाखवला. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा ३,११० लोकांचे स्कॅन त्यात एकत्र पाहिले होते. विशीतल्या ३० टक्के लोकांना बल्ज, पन्नाशीत ६०, ऐंशीत ८४. आणि दुखत कुणाचंच नाही. म्हणजे बल्ज म्हणजे पांढरे केस हो. कधीकधी तेच कारण असतं, पण दर वेळी नाही.

लिहीत राहा. रात्री दोन वाजता जागे असणारे इथे बरेच निघतील.

---

घाटमाथा | १४ सप्टेंबर, सकाळी ९:०५

कुणाला दुखवायचं नाही पण स्पष्ट लिहितो. आमची आजी दिवसाला वीस घागरी पाणी शेंदायची, सात पोरं वाढवली, तिला कधी डोक्यात धुकं वगैरे आलं नाही. रिपोर्ट नॉर्मल असतील तर देवाचे आभार माना आणि कामाला लागा. मन गुंतलं की दुखणं विसरतं. आजकाल प्रत्येक गोष्टीला नाव लागतं.

---

वऱ्हाडी_ठेचा | १४ सप्टेंबर, सकाळी ९:२०

@घाटमाथा, माही आजी बी पानी शेंदे भाऊ. अन् रात्री कन्हत निजे. कोनं इचारलं नाही म्हणून दुखत नव्हतं असं असते का?

---

कडूकिराईत | १४ सप्टेंबर, दुपारी १:४५

मी फिजिशियन आहे. धाग्यावर निदान करत नाही, ते समोर बसवून, हात लावूनच करायचं असतं. पण "काही झालेलं नाही" हे वाक्य वैद्यकीय दृष्ट्या चूक आहे म्हणून लिहितो.

तुमच्या सोसायटीत चोरी झाली असं धरा. चोर पकडला, माल परत मिळाला. पण वॉचमन त्या रात्रीपासून इतका बिथरलाय की आता दूधवाला आला तरी शिट्टी, पेपरवाला आला तरी शिट्टी, मांजर गेलं तरी शिट्टी आणि वर सगळे दिवे लावतो. चिकनगुन्या हा चोर होता. तो गेला. रक्ततपासणी चोर शोधते, वॉचमनला तपासत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. पण शिट्टी खरी आहे आणि ती तुम्हाला खरीच ऐकू येते. हा वॉचमन पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आणि मेंदूत बसलेला असतो. सततच्या माऱ्याने मज्जारज्जूतल्या पेशी जास्त संवेदनशील होतात हे संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगात दाखवलं. इजा नाही, नस चिरडलेली नाही, तरी दुखण्याची यंत्रणाच बिघडलीय अशा वेदनेला २०१७ पासून नोसिप्लास्टिक असा वेगळा शब्द आहे. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर पसरलेलं जुनाट दुखणं, त्यातच येतो. पूर्वी, १९९०च्या निकषांत, अंगावरच्या १८ जागा दाबून ११ दुखल्या तर तो धरायचे, २०१० पासून झोप, थकवा, विसराळूपणा हेही मोजतात. तुमचा मिक्सर आणि ट्यूबलाइट त्याच वॉचमनचे. त्याला आवाज, उजेड, स्पर्श, सगळ्यावरच संशय येतो.

एका चांगल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (संधिवाताच्या तज्ज्ञांना) दाखवा, चिकनगुन्यानंतर खरा संधिवातही लागू शकतो, तो नाही ना हे त्यांनीच सांगावं.

आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद उतरत जाणं, ताप, कारण नसताना वजन घटणं, आधी कॅन्सर झालेला असणं, यातलं काही असेल तर वॉचमन वगैरे विसरा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा.

जाता जाता, मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ कमी होऊ शकतं, त्यात शाकाहारी असाल तर विचारूच नका. पायाच्या मुंग्या वयावर ढकलू नका, आधी तपासा.

---

निसर्गशक्ती१०८ | १४ सप्टेंबर, दुपारी २:०१

[हा प्रतिसाद संपादकांनी काढून टाकला आहे. सभासदांना विनंती, पुड्या आणि चुंबकी गाद्या इथे विकू नयेत.]

---

कडूकिराईत | १४ सप्टेंबर, दुपारी २:३०

संपादकांचे आभार. लेबल नसलेल्या पुडीने तीन दिवसांत जादू झाली तर आधी स्टेरॉइडची शंका घ्या. अशा पुड्यांत ते सापडलेलं आहे. आणि मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय पट्टीच्या पट्टी पेनकिलर खाणाऱ्यांनी किडनीचा विचार करावा.

---

फिजिओताई | १४ सप्टेंबर, रात्री ९:१५

रातराणी, तुमच्या ५१ मोदकांवर लिहिते कारण माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या बाईचं हेच असतं. बऱ्या दिवशी दामटायचं, साठलेलं सगळं उरकून घ्यायचं, मग चार दिवस झोपायचं, मग झोपून राहिल्याचं वाईट वाटतं म्हणून पुन्हा दामटायचं. या झोक्यावरून उतरायचं. म्हणजे बऱ्या दिवशी थांबायचं, आणि ते वाईट दिवशी काम करण्यापेक्षा अवघड असतं, माझा शब्द घ्या.

तीन दिवस नुसतं लिहा की किती वेळ उभं राहिलं की दुखणं चढायला लागतं. समजा १५ मिनिटं. मग तुमची सुरुवात १० मिनिटांवर. पंधराव्या मिनिटाला बसलात तर दुखण्याने बसवलं, दहाव्याला बसलात तर तुम्ही बसलात. फरक तिथेच आहे. चांगला दिवस असो, वाईट असो, १० म्हणजे १०. दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवायचं. चालणंही तसंच, हवं तर गेटपर्यंत चार मिनिटांपासून. व्यायाम या दुखण्यात लागतोच पण जिम लावून पहिल्याच दिवशी तासभर घाम गाळला तर वॉचमन पोलीस बोलावेल.

कणीक बसून मळा, उंच परात ओट्यावर घेऊन नको. ओट्याखाली पाटावर एक पाय ठेवून उभं राहा, पाय बदलत राहा. आणि सगळी भाजी एकदम चिरायची नाही.

---

लीड्सकर | १५ सप्टेंबर, पहाटे ३:४०

इथे यूकेत मला जीपीने (फॅमिली डॉक्टरने) पेन क्लिनिकला पाठवलं, आठ महिने वेटिंग (हो हो, एनएचएस, इथली सरकारी आरोग्यसेवा). मग आठ आठवड्यांचा ग्रुप, दहा-बारा जण, फिजिओ, सायकॉलॉजिस्ट, नर्स एकाच खोलीत. मी पहिल्या दिवशी तणतणत गेलो की मला वेडा ठरवताय का. त्या सायकॉलॉजिस्ट म्हणाल्या, पाय मोडल्यावर कुबडी देतात तेव्हा कुणी तुम्हाला पाय नाही असं म्हणत नाही. गप बसलो.

इथल्या नाइसच्या (उपचार कसे करावेत ते ठरवणारी सरकारी संस्था) २०२१च्या गाइडलाइनमध्ये या प्रकारच्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, अफूवर्गातल्या गोळ्या सुरूच करू नका असं चक्क लिहिलंय. व्यायाम, सीबीटी किंवा एसीटी (सायकॉलॉजिस्टशी बोलून करायच्या थेरपी), अॅक्युपंक्चर, आणि डिप्रेशनसाठीच्या काही गोळ्या एवढंच. प्रीगॅबलिनलाही (नसांच्या दुखण्यावरची गोळी) नाही म्हणतात.

---

कडूकिराईत | १५ सप्टेंबर, सकाळी ८:१०

बरोबर, पण अमेरिकेत प्रीगॅबलिनला फायब्रोसाठी २००७ मध्ये मान्यता मिळालेली आहे, आणि आपल्याकडे सर्रास देतात. काहींना खरंच उपयोग होतो, काहींचं नुसतं वजन वाढतं आणि गरगरतं. चालू असेल तर लीड्सकरांचं वाचून कुणी आज रात्रीपासून बंद करू नका, ती हळूहळूच उतरवायची असते. आणि डिप्रेशनची गोळी दिली म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला डिप्रेशन ठरवलं असं नाही. दुखणं खाली दाबणाऱ्या मेंदूतल्या वाटा ज्या रसायनांवर चालतात त्यांच्यावरच ती काम करते.

झोपेचं कुणी लिहिलं नाही म्हणून. टोरांटोच्या हार्वे मोल्डॉफ्स्की यांनी १९७५ मध्ये ठणठणीत तरुणांची फक्त गाढ झोप आवाज करून मोडली, तास कमी केले नाहीत, तर काही दिवसांत त्यांचं अंग दुखायला लागलं, दाबलं की कळ. रातराणी, तुमचं "आठ तास झोपले तरी" त्याच जातीचं आहे.

---

घाटमाथा | १५ सप्टेंबर, सकाळी १०:५०

काल जरा जास्त बोललो. रात्री मोठ्या बहिणीला फोन केला होता, म्हटलं आजी दुखतंय म्हणायची का गं. ती म्हणाली रोज रात्री तिचे पाय मीच तर चेपायचे, तू तेव्हा अंगणात खेळत असायचास. माझे शब्द मागे.

---

शेवग्याची_शेंग | १५ सप्टेंबर, दुपारी १२:१५

जाता जाता, पाय चेपण्यावरून. लहानपणी लागलं की आई तिथेच चोळायची आणि खरंच कमी व्हायचं, त्याचं कारण मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं. चोळण्याची संवेदना जाड तंतूंतून मज्जारज्जूत पोचते आणि तिथे दुखण्याच्या बातमीचं दार लोटून घेते. थोडक्यात आजी शास्त्रशुद्ध होती.

याच मेलझॅकनी १९७५ मध्ये दुखण्याच्या शब्दांची यादी करून प्रश्नावली बनवली, ७८ शब्द. मला वाटतं मराठीत ते आकडे घरबसल्या पार होतील. डॉक्टर विचारतात शून्य ते दहात किती, आणि मी नेहमी सात सांगते कारण सहा बरं दिसत नाही आणि आठ म्हणजे नाटक वाटतं. पण शब्द विचारा ना! ठणका वेगळा, ठुसठुस वेगळी. कळ येते, चमक भरते, सणक जाते, तिडीक उठते. उसण भरते ती पाठीतच, भाकरी थापून हाताला येते ती रग. अंग मोडून येतं तेव्हा ताप येणार असतो, अंग आंबतं तेव्हा कष्ट झालेले असतात. पोटऱ्यांना गोळे, पायाला मुंग्या, आणि रातराणींनी लिहिलंय ना की बाही घासली तरी नको होतं, त्याला आमच्याकडे हुळहुळणं म्हणतात.

---

कडूकिराईत | १५ सप्टेंबर, दुपारी १:०५

दंडवत. साध्या स्पर्शानेही दुखणं याला आमच्या पुस्तकात अॅलोडिनिया म्हणतात आणि तो समजावायला मी दर वेळी पाच मिनिटं घालवतो. उद्यापासून विचारणार, हुळहुळतं का? सणक आणि मुंग्या म्हणाल्या तर मी नस तपासेन, ठणका आणि ठुसठुस म्हटलं तर आधी सूज किंवा पू शोधेन, आंबलंय म्हणालात तर झोप विचारेन. आकड्यातून यातलं काहीच कळत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा | १५ सप्टेंबर, दुपारी १:२०

अन् कसकस राह्यली ना मॅडम. ना ताप ना दुखनं, पन बरं बी नाही.

---

रातराणी_पुणे | १५ सप्टेंबर, रात्री ११:३०

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. "शिट्टी खरी आहे" हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, तो जरा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला मिक्सर मी लावत जाईन, तू बाहेर जाऊन बस. अपॉइंटमेंट घेतलीय. फिजिओताई, तीन दिवस लिहायला उद्यापासून सुरुवात.

---

रातराणी_पुणे | १८ जानेवारी २०२६, सकाळी १०:०५

धागा वर काढतेय. विपूत (विचारपुशीत) बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी चाळीस मिनिटं दिली. हात लावून सगळे सांधे बघितले, संधिवात नाही म्हणाले, फायब्रोमायल्जिया असं कागदावर लिहून दिलं. मला आजार झाल्याचा आनंद झाला, विचित्र आहे पण झाला. रात्रीची एक अगदी कमी डोसची गोळी दिली, अमिट्रिप्टिलिन. पहिले दहा दिवस तोंडाला कोरड आणि सकाळी अकरापर्यंत पेंग, सोडूनच देणार होते, मग जेवल्यावर लगेच आठला घ्यायला सांगितली तेव्हा जमलं. (डोस इथे विचारू नका, सांगणार नाही, प्रत्येकाचा वेगळा आणि हृदयाचं वगैरे बघून देतात.)

उभं राहण्याची माझी सुरुवात निघाली आठ मिनिटं. मोबाइलचा टायमर लावला तर त्याच्या आवाजाने दचकायची, म्हणून शेवटी कुकर. भाताच्या तीन शिट्ट्या होतात तेवढंच उभं राहायचं, तिसरी झाली की हातातली सुरी खाली. कांदा अर्धा चिरलेला असला तरी. पहिल्या आठवड्यात अर्धा कांदा बघून इतका जीव तळमळायचा की काय सांगू, दुखण्यापेक्षा तेच जास्त. साबा म्हणाल्या, अगं एवढा तर पुरा कर. मी म्हटलं शिट्टी झाली. आता त्याच तिसऱ्या शिट्टीला आतून ओरडतात, "बस गं!" आणि उरलेला कांदा त्या चिरतात. कधी बोलूनही दाखवतात. चालतंच.

चार मिनिटांचं चालणं आता बावीसवर आलंय. दुपारी अर्धा तास अंधार करून पडते, श्वास लांब सोडत, झोप आली तर आली. दंडाला कोमट तेल, चोळून नाही, नुसतं हाताने हळू फिरवून, जोराने केलं की दुसऱ्या दिवशी हुळहुळतं. ऑनलाइन सायकॉलॉजिस्टकडे सहा वेळा बोलले, तिथे कळलं की मला "नाही" म्हणता येत नाही आणि त्याचं भाडं मान भरते. ते अजून जमलेलं नाही.

सगळं छान झालंय असं नाही. डिसेंबरात भाच्याचं लग्न, तीन दिवस, डीजे, साडी, हसरा चेहरा. त्यानंतर सहा दिवस पडून होते. पण नऊचे सहा झाले आणि या वेळी रडले नाही, कशामुळे ते माहीत होतं. संक्रांतीला तिळगूळ विकत आणला. वड्या कडक होत्या आणि कुणी मेलं नाही.

कडूकिराईत, तुमची मेटफॉर्मिनची ओळ वाचून साबांचं बी१२ तपासलं, बारा वर्षं गोळी चालू आहे. बरंच कमी निघालं. रात्री पाय जळजळतात हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. इंजेक्शनं चालू झालीत.

---

शेवग्याची_शेंग | १८ जानेवारी, सकाळी १०:४०

तीन शिट्ट्या! आणि लिहिणं चालू आहे का? आकडे लिहिता की शब्द?

---

रातराणी_पुणे | १८ जानेवारी, सकाळी ११:१५

शब्द. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दूध आणि गॅसच्या नोंदींच्या खाली. बघून लिहिते, या आठवड्याचे: सोमवार, आंबलेलं. मंगळवार, मानेत चमक, दुपारनंतर बरी. बुधवार, संक्रांत, कसकस. गुरुवार, रग, पण ती खऱ्या कामाची (कपाट आवरलं, दोन शिट्ट्या). शुक्रवार, बाही चालली!! काल शनिवारचा चौकोन कोरा आहे. दुखलं नाही म्हणून कोरा, की लिहायचं विसरले म्हणून कोरा, ते काही केल्या आठवत नाहीये.